तीन छपरं, एक शिडी

ऑक्टोबरच्या शेवटी खालच्या कचेरीतून एक कागद आला. शहरातली तरुण माणसं राहायला यावीत म्हणून कचेरी एक पुस्तिका छापणार होती, आणि तीत तोचिकुरा गावातल्या प्रत्येक वाडीची ओळख द्यायची होती. वाडीप्रमुखानं आपल्या शब्दांत लिहावं, असं वर लाल अक्षरांत होतं. आमच्या ओकुयाची नावाच्या वाडीचा प्रमुख मी. नऊ वर्षं मीच आहे. दर एप्रिलला बैठक भरते, बैठकीला आम्ही तिघं असतो, आणि निवडीचा विषय निघाला की दोघी माझ्याकडे बघतात.

मी लिहिलं. घरं अकरा, त्यांतली राहती तीन. दुकान नाही, गुरुवारी भाजी-मासळीची गाडी येते. बस आठवड्यातून दोनदा, तीही आदल्या दिवशी फोन केला तर. शाळा बावीस वर्षांपूर्वी बंद झाली, तिच्या मैदानात आता अस्वलाचा सापळा ठेवलाय. संध्याकाळी पाचला खांबावरच्या कर्ण्यातून गाणं वाजतं. पूर्वी ते मुलांनी खेळ आवरून घरी यावं म्हणून असायचं. आता कशासाठी वाजतं कोणास ठाऊक, पण एक दिवस वाजलं नाही तर तोयोकाकू कचेरीला फोन करते. खाली 'वाडीचं वैशिष्ट्य' असा रकाना होता, तिथे मी 'बर्फ' लिहिलं. 'अडचणी' असा रकाना होता, तिथेही 'बर्फ' लिहिलं. 'छपरावरचा बर्फ काढू शकणाऱ्या व्यक्ती' इथे लिहिलं 'एक', आणि वयाच्या जागी एकोणसत्तर.

चार दिवसांनी कचेरीतल्या मुलीचा फोन आला. "हागा-सान, हे जरा उत्साहाचं करता येईल का?"

"तुम्हीच करा," मी म्हणालो.

त्यांनी केलं. पुस्तिकेत छापून आलं, 'निसर्गाच्या कुशीत माणुसकीचा ओलावा जपणारी वाडी'. ओलावा म्हणाल तर भरपूर आहे. माझ्या न्हाणीघराची भिंत त्यानंच फुगली आहे.

आमच्या वाडीत सगळेच हागा, म्हणून माणसं घराच्या नावानं ओळखली जातात. मी गिरणीवाला, कारण आजोबांची पाणचक्की होती. लग्नाचं राहून गेलं. आधी धाकट्या भावाचं शिक्षण होतं, मग आईचं आजारपण, आणि मग कोणी विचारेनासं झालं. खाली पुलाजवळच्या घरात फुसाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कमी बोलणाऱ्या. नवरा गेल्यावर एका हिवाळ्यात त्या गावातल्या भाच्याकडे राहायला गेल्या होत्या, त्या एकोणिसाव्या दिवशी परत. का आलात विचारलं तर म्हणाल्या, "तिथे खिडकीतून भिंत दिसते." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आणि वरच्या घरात तोयोकाकू, शहाऐंशी वर्षांची, बोलणं म्हणजे उकळता चहा. मी शेंबडा होतो तेव्हापासून ती मला अरे-तुरे करते.

हिवाळ्यात छपरं चार-पाच वेळा मोकळी करावी लागतात. नाही केली तर आधी दारं अडकतात, मग तुळया कण्हतात, मग एक दिवस घर बसतं. रिकामी आठ घरं अशी एकेक करून बसतायत. राहिली तीन. माझं लहान, फुसाबाईंचं बेताचं, आणि तोयोकाकूचं म्हणजे एके काळी त्यात रेशमाचे किडे पाळायचे, देवळाएवढं छप्पर. पूर्वी हे काम मिळून व्हायचं, आज तुझं, उद्या माझं. आता मिळून म्हणजे मी. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी वाडीतला तरुण.

त्यातही एक रीत आहे. शिडी खांद्यावर घेऊन वर गेलो की तोयोकाकू दारात येणार. "अरे नको. यंदा कमीच पडलाय."

"त्यात काय मोठं."

"तुझी कंबर मोडेल रे बाबा. नको."

"कंबर ठणठणीत आहे."

"नको म्हणते ना, लाज वाटते मला."

तोवर शिडी लागलेली असते. तीन नकार झाले की ती चहाचं आधण ठेवायला आत जाते आणि मी वर जातो. तोंडदेखलं नको ते. तसं नको ऐकून कोणी खरंच परत गेला, तर तीन पिढ्या लोक त्याच्या घराबद्दल बोलतील. काम झालं की ती मला धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं देते. वीस वर्षांपूर्वी मी एकदा म्हणालो होतो की तुमच्यासारखा मुळा कोणाला जमत नाही. तेव्हापासून ती दर वर्षी माझ्यासाठी तीस मुळे घालते. माझ्या दाढा पडल्या त्याला सहा वर्षं झाली. मुळा चावत नाही हे कसं सांगणार? मी तो घेतो आणि परतफेड म्हणून सफरचंदं देतो. ती सफरचंदांची परतफेड म्हणून भाताची पोतडी देते. असं एप्रिलपर्यंत चालतं.

नोव्हेंबरच्या मध्याला तिच्या मुलीचा फोन आला. मिचियो सेंदाईला असते, एकसष्ट वर्षांची आहे, पण लहानपणी माझ्या पाठीवर बसून ओढा ओलांडायची, म्हणून अजून दादा म्हणते.

"एइकिचीदादा, खरं खरं सांग," ती म्हणाली. "आईनं यंदाचा हिवाळा तिथे काढावा का? मी इकडची खोली रिकामी करून ठेवली आहे. ती म्हणते, एइकिचीला जड जात असेल तर येते, नाही तर कशाला. तुला जड जातंय का?"

मी उभा होतो तो भिंतीला टेकून. कमरेला तीन औषधी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि आदल्याच दिवशी दवाखान्यात सुई घेऊन आलो होतो. डॉक्टरनं विचारलं होतं, छपरावर तर चढत नाही ना? मी म्हणालो होतो, या वयात कशाला.

आणि मिचियोला मी म्हणालो, "छे छे. तोयोकाकूचं छप्पर म्हणजे माझा व्यायाम."

"खरंच?"

"खरंच. तू काळजी करू नकोस."

फोन ठेवला आणि खाली बसलो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मिचियोनं दार उघडून धरलं होतं आणि मी ते आपल्या हातानं लावून आलो. मला तोयोकाकूनं जायला हवं होतं. हे मी तेव्हा मनातसुद्धा नीट म्हटलं नव्हतं, पण आज म्हणतो. तिचं ते देवळाएवढं छप्पर माझ्या आयुष्यातून जावं, आणि त्यासाठी ती गेली तरी चालेल, असं मला वाटत होतं. चांगल्या माणसाला असं वाटू नये, म्हणून मी आणखी जोरात 'छे छे' म्हणालो.

डिसेंबरात दोनदा छप्पर मोकळं केलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस बर्फ थांबलाच नाही. पाचव्या दिवशी सकाळी उघडलं तेव्हा तोयोकाकूच्या छपरावर छातीएवढा थर होता. मी शिडी घेऊन गेलो. ती दारात आली, नको म्हणाली, तीनदा म्हणाली. त्या दिवशी ती आत गेली नाही एवढंच. मी म्हटलं, आधण आधीच ठेवलं असेल.

एकट्यानं छपरावर चढायचं नाही असा कचेरीचा नियम आहे. खाली कोणी तरी उभं हवं. "मी उभी राहते," ती म्हणाली. मी तिला कोठाराच्या भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, इथून हलायचं नाही. डोक्यावर तिनं नवऱ्याचं जुनं पिवळं शिरस्त्राण घातलं होतं, ते नाकापर्यंत आलं होतं.

दोन तास झाले. कंबर आधी दुखत होती, मग बधिर झाली, ते बरं वाटलं. मी उत्तरेकडची बाजू संपवत आणली होती. खाली पाहिलं तर कोठाराशी कोणी नाही. ती वळचणीखाली येऊन उभी, मान वर करून.

"एइकिची, दहा वाजले. खाली ये आता, पुरे कर."

"मागे व्हा," मी म्हणालो. "मागे व्हा आधी."

"अर्धं राहू दे. तू खाली ये."

माझं फावडं त्याच वेळी रुतलेलं होतं. मी ते ओढलं आणि पायाखालून सगळा थर एकदम सुटला. कमरेला दोरी बांधलेली होती म्हणून मी वर राहिलो. खाली धप्प आवाज झाला आणि मग काहीच आवाज नाही.

शिडीच्या किती पायऱ्या मी पायानं उतरलो आणि किती घसरलो ते आठवत नाही. पिवळं शिरस्त्राण दिसत होतं, हीच देवाची कृपा. ती छातीपर्यंत गाडली गेली होती. मी हातांनीच उकरलं. फावड्यानं उकरायची हिंमत झाली नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. पाय मोकळे झाले तेव्हा एवढंच म्हणाली, "उजवा बूट राहिला आत."

तिला आत नेलं, तापवलेल्या टेबलाच्या गोधडीत पाय घालून बसवलं. हाताला खरचटलं होतं, बाकी काही मोडलं नव्हतं. डॉक्टरला बोलावतो म्हटलं तर म्हणाली, गप बस. मग तिनं हात लांबवून स्टोव्ह मोठा केला.

"नोव्हेंबरात तू मिचियोला काय सांगितलंस?"

"काय सांगणार. काही त्रास नाही म्हणालो."

"का म्हणालास?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"अरे गाढवा," तोयोकाकू म्हणाली, "मी उन्हाळ्यापासून वाट बघतेय, तू एकदा तरी कण्हशील म्हणून."

"कण्हतो की. वर असतो तेव्हा."

"छपरावर कण्हलेलं कोणाला ऐकू जातं? तुला वाकायला येत नाही, तू चिमट्यानं बूट घालतोस, मी काय आंधळी आहे? मी मिचियोला म्हटलं, त्याला विचार, त्याला जड जात असेल तर मी येते. म्हटलं, आता तरी हा तोंड उघडेल. तर हा म्हणतो, व्यायाम."

मला हसू येईना आणि रागही येईना. "तुम्हाला जायचं होतं?"

"जायचंय." ती हा शब्द इतका हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं. "सात खोल्यांचं घर आणि मी एका गोधडीत राहते. पहाटे नळात पाणी गोठतं. भांडी विसळताना बोटं कोणाची आहेत ते कळत नाही. मी कंटाळले, एइकिची. मला उबेत झोपायचंय."

"मग आज मला नको का नाही म्हणालात?"

"तीनदा म्हणाले."

"ते तर दर वेळी म्हणता."

"यंदाचे सगळे खरे होते. डिसेंबरातलेही."

तीस वर्षं मी तिचं नको ऐकत आलो होतो. नको संपलं की शिडी लावायची एवढंच मला माहीत होतं.

"मग सांगा ना मिचियोला," मी म्हणालो. "आत्ता फोन लावा."

"मी कशी सांगू?" आता तिचा आवाज नेहमीचा झाला. "सासूबाईंनी मरताना माझा हात धरून सांगितलं, घर उघडं ठेव. सत्तावन्न वर्षं मी वाडीभर सांगत आले, मला इथून न्याल ते उचलूनच न्याल. त्या साळकाया-माळकाया एकेक करून मुलांकडे गेल्या, तेव्हा मी त्यांना काय काय बोलले ते तुला ठाऊक आहे. कोठाराजवळच्या घरची तर माझ्या बोलण्यानं रडत गाडीत बसली. आता मीच म्हणू, मला उबेत झोपायचंय?"

"त्या सगळ्या मेल्या आता."

"म्हणून काय झालं? आत बसलेत ना सासूबाई नि सगळे." तिनं पितरांच्या देवघराकडे मान वळवली. मग माझ्याकडे. "तू सांग. तुला होत नाही म्हणून सांग. एइकिचीनं हात टेकले म्हणून म्हातारीला जावं लागलं, असं होऊ दे. तुझं काय जाणार आहे? तुला ना बायको, ना सून बोलायला."

माझं काय जाणार होतं? वाडीत माझ्याजवळ आणखी काय होतं? शेत पडीक, गिरणी बंद, घरात बोलायला रेडिओ. एइकिची आहे ना, एवढंच माझं नाव होतं. एइकिची आहे म्हणून वरच्या घरची राहू शकते, एइकिची आहे म्हणून पुलाजवळची राहू शकते. ते नाव ती मागत होती.

"काकू," मी म्हणालो, "मला खरंच होत नाही."

"ते माहीत आहे रे. खोटं सांगायला मी तुला सांगितलं नसतं, तुला ते येत नाही."

तिनं स्वतःच नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला. मी मिचियोला सांगितलं की तुझ्या आईचं छप्पर यापुढे माझ्याच्यानं होणार नाही. लवकरात लवकर येऊन घेऊन जा. बर्फाखाली सापडल्याचं सांगितलं नाही, काकूनं हातानं नको म्हणून खुणावलं. मिचियोला वाटलं असेल, भर जानेवारीत मध्येच हात वर करतो हा माणूस. नोव्हेंबरात सांगितलं असतं तर?

"समजलं," मिचियो म्हणाली. "इतकी वर्षं आईमुळे तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा, हागा-सान."

साठ वर्षांत तिनं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

तोयोकाकू माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाली?"

"येते म्हणाली. शनिवारी."

गुरुवारी भाजीच्या गाडीवर गेलो तर गाडीवाल्यानं न मागता कमरेच्या पट्ट्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. "ऐकलं," तो म्हणाला. फुसाबाई शेजारीच टोफू घेत होत्या, त्यांनी नजर खाली ठेवली. कचेरीतून फोन आला की तुमच्या वाडीच्या रकान्यात बर्फ काढणारे आता शून्य धरायचे का. कोणी वावगं बोललं नाही. आमच्याकडे कोणी बोलत नाहीच.

शनिवारी मिचियो आणि तिचा नवरा गाडी घेऊन आले. पाण्याचे नळ मोकळे केले, वीज बंद केली, पितरांच्या नावांच्या पाट्या रेशमी कापडात गुंडाळून मिचियोनं मांडीवर घेतल्या. मला तिनं मिठाईची मोठी पेटी दिली, वरून कागद, त्यावर गाठ, दोन्ही हातांनी. फार महागातली असावी. खालच्या वाडीतून आठ-दहा माणसं निरोपाला आली होती, फुसाबाईही होत्या.

तोयोकाकू दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मी कुठे जात होते? आणखी दोन हिवाळे आरामात काढले असते. पण ह्या एइकिचीच्या कमरेनं दगा दिला. गिरणीवाल्यांची मुळात कंबरच कच्ची. ह्याचा बापसुद्धा भाताच्या पोत्याखाली बसला होता."

लोक कसंनुसं हसले. मी पुढे झालो आणि कमरेतून पूर्ण वाकलो. "माझ्यामुळे तुम्हाला घर सोडावं लागतंय. मला क्षमा करा."

हे आमचं ठरलेलं होतं. तरी वाकलेला असताना मला तिचा राग आला, इतका की कानशिलं तापली. बापाला कशाला ओढलंस म्हातारे, तेवढं ठरलं नव्हतं. आणि मग लक्षात आलं की राग तिचा नाही. मी हे नाटकातलं वाक्य म्हणून बोलायला आलो होतो, आणि त्यातला एकेक शब्द खरा होता. ती जावी असं मला वाटत होतं, आणि ती जात होती. मी जरा जास्तच वेळ वाकलेला राहिलो. सरळ झालो तोवर ती गाडीत बसली होती, गुडघ्यांवर गोधडी घेऊन, डोळे मिटून. गाडी वळणापर्यंत गेली तरी तिनं मागे पाहिलं नाही. मला वाटतं, तिला तेव्हाच झोप लागली होती.

लोक पांगले. फुसाबाई आणि मी उतारावरून बरोबर निघालो. पुलापाशी त्या थांबल्या.

"मी काल भाच्याला फोन केला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, येते. सोमवारी न्यायला येईल."

"का?"

"तुम्हाला किती त्रास द्यायचा?"

मला आधी कळलंच नाही. "फुसाबाई, तुमचं छप्पर मी करतो. तुमचं आहे केवढंसं. काही त्रास नाही मला."

त्या हसल्या. अगदी नम्रपणे हसल्या. "तोयोबाईंनाही तुम्ही असंच म्हणत होता."

"ते वेगळं होतं."

"हो ना," त्या म्हणाल्या आणि वाकून नमस्कार करून आत गेल्या.

काय वेगळं होतं ते मी सांगू शकत नव्हतो. म्हातारीला जायचंच होतं, तिनं मला हे बोलायला लावलं, असं म्हटलं असतं तर फुसाबाईंनी विश्वास ठेवलाही असता. पण सत्तावन्न वर्षं टिकवलेलं तोयोकाकूचं नाक मी तासाभरात कापायचं? ती अजून सेंदाईला पोचलीही नव्हती. घरी येऊन मी मिठाईची पेटी न उघडता कपाटावर ठेवली. फुसाबाईंना ती भिंत पुन्हा बघावी लागणार होती, आणि ती भिंत मी बांधली होती.

रविवारी सकाळी गुडघाभर नवा बर्फ होता. मी शिडी घेतली आणि पुलाकडे उतरलो. शिडी एवढी जड मला कधी लागली नव्हती, वाटेत दोनदा टेकवली. फुसाबाईंच्या ओसरीवर दोन बोचकी बांधून ठेवलेली दिसली. त्या दारात आल्या.

"नको हो," त्या म्हणाल्या.

शिडी वळचणीला लावली.

"नको, एइकिची-सान. उद्या तर मी जाणारच आहे."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तसाच थांबलो. हे नको कुठलं? तोयोकाकूची माझी साठ वर्षांची ओळख, तिचं मला कळलं नाही. ह्या बाईचं कसं कळणार? पाय खाली घेतला. मग मी असं काही विचारलं जे आमच्या वाडीत कोणी कोणाला विचारत नाही.

"फुसाबाई, तुम्हाला जायचंय की राहायचंय?"

त्या एवढ्या दचकल्या की हातातलं फडकं पडलं. "तुम्हाला सोयीचं असेल तसं," त्या म्हणाल्या.

"मला सोयीचं हे की तुम्ही राहावं. तुम्ही गेलात तर मी इथे एकटा. मला एकट्याला नाही राहायचं."

त्यांनी फडकं उचललं, झटकलं, घडी केली. पुन्हा उलगडलं. "आणि कंबर?"

"दुखते," मी म्हणालो. "रोज दुखते. डॉक्टरनं चढू नको म्हणून सांगितलंय. पूर्वीसारखं एका सकाळी होणार नाही. दोन दिवस लागतील, मधे मधे बसावं लागेल, आणि एखाद्या दिवशी मी येणारच नाही. त्रास आहे, फुसाबाई. खूप त्रास आहे. तरी तुमचं छप्पर मी करीन."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कोणी त्यांच्या छपराबद्दल एवढं वाईट बोललेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नसेल.

"मग आज अर्धंच करा," फुसाबाई म्हणाल्या. त्यांनी ओसरीवरची बोचकी पायानं बाजूला सारली, बूट चढवले आणि शिडी धरायला पुढे आल्या. मी वर चढलो. अर्धं व्हायला दुपार झाली.